रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्यांच्या वतीने: महासंगणक वापरणाऱ्या संशोधकांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत सामायिक महासंगणक वापरणारे संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अनेक वर्षे एका शिक्षणसंस्थेतील संगणन समूहाची, म्हणजे आपण सारे ज्याला क्लस्टर म्हणतो त्या यंत्रणेची, देखभाल केली. त्या काळात पाहिलेली एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचे सारे म्हणणे तिच्यातूनच निघते.

मार्च महिना होता. एका लहान महाविद्यालयातील विद्यार्थिनीला आमच्या क्लस्टरवर बाहेरची वापरकर्ती म्हणून खाते मिळाले होते. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरले होते आणि तिला दोनच नोड, म्हणजे क्लस्टरमधील दोनच संगणक, हवे होते. चार दिवस तिचा जॉब, म्हणजे क्लस्टरला दिलेले गणनेचे काम, रांगेत पडून होता. तिने तक्रार केली नाही; आपल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे जॉबच्या सूचना लिहिलेल्या फाइलमध्ये, काही चुकले आहे का, एवढेच विचारले. तिचे काही चुकले नव्हते. मी पाहिले तेव्हा आठ नोड एकाच विद्यार्थ्याच्या नावावर अडकलेले होते आणि प्रत्येक नोडवरील ४८ कोअरपैकी, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या भागांपैकी, एकच कोअर काम करत होता. त्याचा प्रोग्रॅम मुळात समांतर, म्हणजे अनेक कोअरवर एकाच वेळी, चालणारा नव्हता. पूर्ण नोड मागितला की तो अधिक वेगाने चालेल, असे त्याने गृहीत धरले होते. मी फोन केल्यावर त्याने दहा मिनिटांत ते जॉब रद्द केले, मनापासून माफी मागितली, आणि त्याच संध्याकाळी तिचा जॉब सुरू झाला. तो मुलगा बेफिकीर नव्हता. रांगेत आपल्या मागे कोणी उभे आहे, हे त्याला तोपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते.

हे सांगण्याची जबाबदारी कोणाची, हा या पत्राचा विषय आहे.

यंत्रे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. १९९१ साली पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने परम ८००० उभा केला, तेव्हा महासंगणक ही मोजक्या शास्त्रज्ञांच्या हाताशी असलेली वस्तू होती. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानाला ४,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि चित्र पालटले. आयसर पुणे या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आला, २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या वाट्याला आला, आणि याखेरीज अनेक विभागांचे स्वतःचे छोटे क्लस्टर आहेत. पीएचडीच्या पहिल्याच वर्षाला असलेला विद्यार्थी आज वसतिगृहातील खोलीत बसून हजारो कोअरच्या यंत्रावर जॉब टाकू शकतो. ही फार मोलाची गोष्ट आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे. मात्र खाते उघडताना त्याच्या हाती पडते ती आज्ञांची पुस्तिका. इतरांसोबत ते यंत्र कसे वापरावे, हे त्याला कोणी शिकवत नाही.

माझे आजोळ बागलाणातले. तिकडे मोसम नदीवर आणि पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धतीने पाणी वाटण्याची जुनी रीत आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, पाटकरी पाळीप्रमाणे ते सोडतो, आणि ज्याची पाळी असेल त्याने आपले दार वेळेवर उघडायचे आणि वेळेवर बंद करायचे. वरच्या शेतातले दार गरज नसताना उघडे राहिले, तर टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, आणि ज्याच्या शेतातून ते वाया गेले त्यालाही त्याचा काही उपयोग होत नाही. क्लस्टरचा कारभार मला नेहमी असाच दिसत आला आहे. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांवर पाटकऱ्याचे काम स्लर्म हा शेड्युलर, म्हणजे जॉबांची रांग लावणारा प्रोग्रॅम, करतो. तो निःपक्षपाती आहे, पण तुम्ही जे मागता ते खरोखर लागणार आहे की नाही, हे त्याला कळत नाही. तुम्ही लिहून दिलेल्या आकड्यावर तो विश्वास ठेवतो.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की क्लस्टरवर जे मागितले ते वापरले गेल्यासारखेच असते. तुम्ही ४८ कोअर मागून एकच वापरलात, तरी उरलेले ४७ तुमचा जॉब संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. मेमरीचेही तसेच आहे, आणि ते अधिक फसवे आहे. एखाद्याने चारच कोअर घेतले, पण खबरदारी म्हणून नोडवरची जवळजवळ सगळी मेमरी मागून ठेवली, तर उरलेले ४४ कोअर कागदोपत्री मोकळे दिसतात आणि प्रत्यक्षात त्यांवर कोणाचाही जॉब बसू शकत नाही. जॉब संपल्यावर त्याने प्रत्यक्षात किती मेमरी आणि किती वेळ घेतला, याचा हिशेब स्लर्मकडे मागता येतो. तो एकदा पाहावा, त्यावर थोडी सवड धरावी आणि पुढच्या वेळी तेवढेच मागावे. या कामाला दोन मिनिटे लागतात. ते नियमाने करणारे वापरकर्ते मला फार थोडे भेटले.

वेळेबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे इतरांचे हित आणि तुमचे स्वतःचे हित एकच आहे, आणि तरीही सर्वाधिक निष्काळजीपणा येथेच होतो. समजा, रांगेत सर्वांत पुढे २० नोडचा एक मोठा जॉब आहे. सध्या १२ नोड मोकळे आहेत आणि उरलेले ८ सहा तासांनी सुटणार आहेत. म्हणजे ते १२ नोड सहा तास रिकामे उभे राहणार. शेड्युलर अशा वेळी मागच्या छोट्या जॉबांकडे पाहतो: जो जॉब सहा तासांच्या आत निश्चित संपणार आहे, तो या फटीत बसवता येतो आणि मोठ्या जॉबला त्यामुळे क्षणभरही उशीर होत नाही. यालाच बॅकफिल म्हणतात. पण ‘निश्चित संपणार’ हे शेड्युलरने ठरवायचे कशावरून? केवळ तुम्ही लिहिलेल्या वॉलटाइमवरून, म्हणजे जॉबसाठी मागितलेल्या कमाल वेळेवरून. तुमचा जॉब चार तासांत संपणारा असेल आणि तुम्ही पाच तास लिहिले असतील, तर तो आत्ता सुरू होईल. सवयीने ७२ तास लिहिले असतील, तर तो उद्यापर्यंत थांबेल, आणि १२ नोड वीज आणि वातानुकूलन खात रिकामे राहतील. ज्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक जॉबवर ७२ तास लिहिलेले असतात, त्या दिवशी यंत्र अर्धे रिकामे असूनही सगळे ताटकळत असतात. असे दिवस मी पाहिले आहेत, आणि त्याच दिवशी ‘क्लस्टर फार संथ आहे’ अशा तक्रारीही आल्या आहेत.

हे ७२ तास येतात कुठून? जुन्या स्क्रिप्टमधून. प्रत्येक गटात एक स्क्रिप्ट असते, जी कोणा ज्येष्ठ विद्यार्थ्याने कधीतरी त्याच्या कामासाठी लिहिलेली असते आणि नंतर प्रत्येक नवा विद्यार्थी जशीच्या तशी उचलतो. एकदा मला परदेशातून एक मेल आली. लिहिणाऱ्याने आमच्या संस्थेतून पदवी घेऊन बरीच वर्षे झाली होती, आणि अजूनही आमच्या क्लस्टरवरचे जॉब संपल्याच्या सूचना त्याला रोज येत होत्या. त्या कृपया थांबवाव्यात, अशी त्याची विनंती होती. शोधले तेव्हा कळले की त्याच्या स्क्रिप्टमधली त्याच्या ईमेल पत्त्याची ओळसुद्धा कोणी बदलली नव्हती. पत्ता बदलला नाही, तेथे कोअरची संख्या, मेमरी आणि वेळ कोणी तपासला असेल, अशी अपेक्षा कशी करावी? मार्गदर्शकांना माझे येथे कळकळीचे सांगणे आहे. प्रयोगशाळेत दुसऱ्याने तयार करून ठेवलेले द्रावण बाटलीवरची चिठ्ठी न वाचता वापरलेले तुम्ही खपवून घेत नाही. स्क्रिप्टही त्याच काळजीने हाताळली जावी, हे तुम्हीच सांगायला हवे. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते प्रणाली-प्रशासकाच्या परिपत्रकाला नाही.

कोअर वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो, हा समजही दूर व्हायला हवा. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेले गणित साधे आहे. तुमच्या प्रोग्रॅमचा केवळ ५ टक्के भाग एकामागून एक असाच चालणारा असेल, तर कितीही कोअर दिले तरी तो २० पटींपेक्षा अधिक वेगवान होऊ शकत नाही. अशा प्रोग्रॅमला २४ कोअर दिले तर वेग सुमारे ११ पट होतो, ४८ दिले तर सुमारे १४ पट, आणि ९६ दिले तर १७ पटींच्याही थोडा आतच. म्हणजे शेवटच्या दुपटीत ४८ जादा कोअर गुंतवून फार थोडेच हाती लागले, आणि त्या ४८ कोअरवर दुसऱ्या कोणाचा तरी आख्खा जॉब चालला असता. मोठी मालिका सुरू करण्याआधी तोच छोटा नमुना ६, १२, २४ आणि ४८ कोअरवर चालवून वेळ मोजावी आणि वेग कुठे थबकतो ते वहीत लिहून ठेवावे. चांगली नियतकालिके पद्धतीचे तपशील मागतात. ही नोंद त्याचाच भाग समजावी.

लॉगिन नोड, म्हणजे ज्या संगणकावरून सारे क्लस्टरमध्ये शिरतात तो, याविषयी एवढेच सांगायचे आहे की ती सर्वांची ओसरी आहे. तेथे फाइल संपादित करावी, प्रोग्रॅम कंपाइल करावा, जॉब टाकावा आणि निघावे. प्रबंधांच्या मोसमात एका दुपारी एका विद्यार्थिनीने निकालांचे आलेख काढणारी स्क्रिप्ट तेथेच चालवली, तिने सगळी मेमरी व्यापली, आणि दोन तास संस्थेतल्या कोणालाच आत शिरता आले नाही. ‘फक्त आलेखच तर काढायचे होते’ हे तिचे म्हणणे खरे होते, पण लॉगिन नोडला तुमचा हेतू दिसत नाही. दर सेकंदाला रांगेची स्थिती विचारणारी आज्ञा दिवसभर चालू ठेवणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे. शंभर जणांनी ते केले की शेड्युलरचा वेळ जॉब लावण्यापेक्षा उत्तरे देण्यातच जातो. जॉब सुरू झाल्याची आणि संपल्याची मेल मागवता येते, ती पुरेशी असते. जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, असलेल्या नोडवर ज्युपिटर हे संवादी प्रोग्रॅमिंगचे साधन उघडून जेवायला किंवा घरी जाणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे: तुम्ही विचार करत असता तेव्हा जीपीयू बसून असतो, आणि क्लस्टरवर सर्वांत लांब रांग बहुधा त्याचीच असते.

आता साठवणुकीकडे वळतो. येथे होणारे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते सहज दुर्लक्षिले जाते. मोठ्या क्लस्टरवर बहुधा लस्टरसारखी समांतर फाइल प्रणाली असते. तिच्यात फाइलींमधला मजकूर अनेक सर्व्हरांवर विखुरलेला असतो, पण फाइलचे नाव, मालकी आणि जागा यांची नोंद ठेवणारे सर्व्हर मोजकेच असतात. कित्येक ठिकाणी एकच असतो. एक मोठी फाइल वाचणे ही या यंत्रणेची ताकद आहे, आणि लाखो चिमुकल्या फाइली उघडणे व मिटणे ही तिची दुखरी जागा आहे. प्रत्येक पायरीला एक नवी फाइल लिहिणारा प्रोग्रॅम एखाद्याने दोनशे कोअरवर सोडला, की त्या नोंदणी सर्व्हरपुढे अशी गर्दी होते की इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या व्यक्तीला आपल्या फोल्डरची यादी पाहायलाही मिनिटभर थांबावे लागते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तीच पर्यावरणे, म्हणजे लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे संच, प्रत्येकाने आपापल्या होम फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा बसवणे हे याचे रोजचे रूप आहे, कारण कोंडा या साधनाने बनवलेल्या एका पर्यावरणात हजारोंनी फाइली असतात. गटाने मिळून एकच पर्यावरण ठेवावे, छोट्या फाइली एका संग्रहात बांधाव्यात, तात्पुरत्या फाइली नोडच्या स्वतःच्या डिस्कवर लिहाव्यात आणि शेवटी हवे तेवढेच परत आणावे.

स्क्रॅच ही तात्पुरत्या साठवणुकीची जागा चालू कामासाठी आहे, कोठारासाठी नाही. ठरावीक दिवसांनी तेथील जुन्या फाइली पुसल्या जातात, हे ठाऊक असूनही काही जण सगळ्या फाइलींच्या तारखा बदलणारी स्क्रिप्ट दर आठवड्याला चालवतात. ही अप्रामाणिक वर्तणूक आहे, आणि तिला हुशारी म्हणून गौरवणारे गट मी पाहिले आहेत, याचे मला दुःख आहे. शिवाय स्क्रॅचची बहुधा दुसरी प्रत नसते. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये देखभालीच्या एका सदोष स्क्रिप्टमुळे सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या आणि १४ संशोधन गटांना त्याचा फटका बसला. वापरकर्त्यांची त्यात काही चूक नव्हती. ज्याच्यावर तुमचा प्रबंध उभा आहे ती माहिती दुसरीकडे ठेवणे हे तुमचेच काम आहे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पासवर्डबाबत मी कठोर आहे आणि राहीन. कित्येक गटांत मार्गदर्शकाच्या नावाचे एकच खाते असते आणि पाच विद्यार्थी ते वापरतात. कोणी काय चालवले, कोणी काय पुसले, याचा माग राहत नाही. मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणक एकामागून एक बंद करावे लागले होते. एडिनबरा येथील आर्चर त्यांत होता, जर्मनीतील आणि स्वित्झर्लंडमधील यंत्रेही होती. चोरीला गेलेल्या लॉगिन ओळखींवरून घुसखोर एका यंत्रातून दुसऱ्यात शिरले होते. कोविडच्या पहिल्या लाटेत, जेव्हा विषाणूवरच्या संशोधनाला या यंत्रांची गरज होती, तेव्हा ती बंद पडून होती. एका खात्याचा सैलपणा किती दूर जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. सॉफ्टवेअरच्या परवान्यांचेही असेच आहे. पदार्थांच्या अणुरचनेची गणिते करणाऱ्या व्हॅस्पसारख्या प्रोग्रॅमचा परवाना विशिष्ट गटाला दिलेला असतो. शेजारच्या गटातील मित्रासाठी त्या फोल्डरच्या परवानग्या सर्वांना खुल्या करणे म्हणजे संस्थेने दिलेला शब्द मोडणे होय.

मार्गदर्शकांशी आता थोडे थेट बोलायचे आहे. अनेक ठिकाणी फेअरशेअरचा, म्हणजे आधीच्या वापरानुसार अग्रक्रम ठरवण्याचा, हिशेब गटाच्या खात्यावर मांडलेला असतो. गटाने अलीकडे जितके अधिक वापरले, किंवा मागून वाया घालवले, तितका त्याच्या पुढच्या जॉबांचा अग्रक्रम खाली जातो, आणि काही दिवसांत जुना वापर विस्मृतीत जाऊन तो हळूहळू पूर्ववत होतो. म्हणजे एका विद्यार्थ्याने अंदाधुंद मागितलेल्या नोडांची किंमत तुमचाच दुसरा विद्यार्थी मोजत असतो. हे तुमच्या गटाच्या बैठकीत बोलले जायला हवे.

आणि एक अप्रिय गोष्ट. ज्येष्ठ प्राध्यापकांचे ‘आमचा जॉब जरा वर घ्या’ असे फोन मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत येत राहिले. परिषदेची तारीख जवळ आलेली असते, परीक्षकाने एक आकृती मागितलेली असते. अडचण खरी असते, हे मी कधीही नाकारले नाही. पण एक जॉब वर जातो तेव्हा दुसरा कोणाचा तरी खाली जातो, आणि खाली जाणाऱ्याकडे माझा फोन नंबर नसतो. पाटकऱ्याला रात्री गाठून दार उघडून घेणारा शेतकरी गावात कसा ओळखला जातो, हे मी लहानपणी पाहिले आहे. तातडीची गरज असेल तर ती लेखी कळवावी, संगणन समितीपुढे यावी आणि निर्णय सर्वांना दिसेल असा नोंदवला जावा. ज्या संस्थांत अशी सोय नाही, त्यांनी ती करावी.

संस्थांनी करण्यासारखे आणखीही आहे. नियम मोडणाऱ्यांची नावे फलकावर लावण्याची सूचना आमच्याकडेही आली होती. मी तिला विरोध केला आणि आजही करीन, कारण घाबरलेला विद्यार्थी चूक लपवतो, विचारायला येत नाही. त्याऐवजी तासाभराच्या चाचणी जॉबांसाठी दोन नोड कायमचे राखून ठेवावेत, म्हणजे स्क्रिप्ट चालते की नाही हे पाहण्यासाठी कोणाला दोन दिवस रांगेत थांबावे लागणार नाही. प्रत्येक जॉबने मागितलेले किती आणि वापरलेले किती, हे त्याच्या मालकाला आपोआप कळवावे. आणि मदतीची मेल लिहायला शिकवावे: ‘माझा जॉब चालत नाही’ या तीन-चार शब्दांवरून प्रशासकाला काही करता येत नाही, जॉबचा क्रमांक, स्क्रिप्टचा पत्ता, आलेला संदेश जसाच्या तसा आणि शेवटचे कधी नीट चालले होते, एवढे असले की अर्धे काम झालेले असते.

मार्गदर्शकांकडे माझे मागणे एका तासाचे आहे. नव्या विद्यार्थ्याचा पहिला खरा जॉब संपेल, त्या दिवशी त्याच्या शेजारी बसा. त्याने काय मागितले होते आणि काय वापरले, हा हिशेब दोघांनी मिळून पडद्यावर पाहा. मग रांगेची यादी उघडा आणि त्या वेळी कोण कोण थांबले आहे, कोणत्या विभागाचे, कधीपासून, हे त्याला वाचू द्या. विद्यार्थी मित्रांनो, तुमचे मार्गदर्शक बसले नाहीत, तर तुम्ही एकट्याने बसा.

कळावे.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त प्रणाली-प्रशासक, पुणे